नारळाचं जावळ

माझ्या भाच्याचं जावळ ठरायचं आणि मोडायचं, पुन्हा ठरायचं आणि पुन्हा मोडायचं. त्या वर्षात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे माझी बायको विचाराल तेव्हा सांगेल. आमच्याकडं पोराचे जन्मापासूनचे केस मामाच्या मांडीवर काढतात. मामा फेटा बांधून पाटावर बसतो, पोराला मांडीत धरतो, न्हावी वस्तरा लावतो, पोरगं सगळ्या आळीला ऐकू जाईल असा टाहो फोडतं, आणि मग बकऱ्याचं जेवण. मामा नसला की सगळं अडतं. बहिणीला भाऊ मी एकटाच, त्यामुळं मांडी लागणार ती माझीच. आणि भाचा आयर्लंडात.

त्याला तिसरं लागलेलं. जावळ करायचं ते पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी. पहिलं वर्ष बहिणीला रजा मिळाली नाही म्हणून गेलं. आता तिसरं हुकलं तर पाचव्यापर्यंत थांबा, आणि पाच वर्षांचं, तिकडं वाढलेलं पोरगं अनोळखी माणसाच्या मांडीवर बसून टक्कल करून घेईल, ही आशा मला तरी नव्हती. बायको म्हणायची, केसच आहेत, एवढं काय. एवढं काय म्हणे! मी भाच्याला आजवर फक्त मोबाइलवर पाहिलेलं. तो मला बघून हात हलवायचा, पण तसा तो टीव्हीतल्या हत्तीलाही हलवायचा. एकदा तरी तो माझ्या मांडीवर बसावा, मामा म्हणजे कोण हे त्याच्या अंगाला कळावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेवढंही होईल की नाही, ह्या विचारानं मला एका जागी बसवत नव्हतं.

मी साताऱ्यात एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. आठवीच्या वर्गात सत्तावनचा उठाव सांगता सांगता माझा हात खिशातल्या मोबाइलकडं जायचा. शाळा सुटली की घरी जायचं सोडून मी स्टँडवर जायचो, कराडची गाडी धरायचो आणि उंब्रजला उतरायचो. उंब्रज म्हणजे बहिणीचं सासर. तिचे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी घराचा खालचा मजला बांधून घेतला होता आणि वरच्या मजल्यासाठी स्लॅबवर सळ्या उभ्या ठेवल्या होत्या. वरचा मजला मुलाचा. मुलगा, म्हणजे आमचे दाजी, पूर्वी शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. बहीण नर्स. तिला आयर्लंडला नोकरी लागली तशी ते कारखाना सोडून तिच्या मागोमाग गेले. पाच वर्षांत परत येतो म्हणून गेले. तेव्हापासून सुभेदार दर उन्हाळ्यात शिडी लावून स्लॅबवर चढतात आणि सळ्यांना गंज लागू नये म्हणून सिमेंटचं पाणी मारतात.

मी काळजी बोलून दाखवली की ते हसायचे. "पोस्टिंग हाय मास्तर," म्हणायचे. "पोस्टिंग कितीबी लांबलं तरी मानूस घरी येतोच." मी चहा पिऊन परतीची गाडी धरायचो. बायको विचारायची, काय काम होतं? काम काही नव्हतं. पायांना चाळा हवा होता.

परमुलखाचं मला कुणी शिकवायला नको. मी जन्मलो कुंडलला, पण वाढलो तमिळनाडूतल्या एका बाजारपेठेच्या गावात, गलाईच्या दुकानाच्या माडीवर. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागात पाणी नव्हतं त्या काळात ह्या धंद्यापायी जी माणसं बाहेर पडली ती पार देशभर पांगली. वडील त्यातलेच. तिकडं आम्हाला बॉम्बेवाले सेठ म्हणत. सेठ कसले, डोंबलाचे! भट्टीपुढं बसून बसून वडिलांच्या भुवया जळालेल्या. घरात जेवायला भात आणि सांबार, देव्हाऱ्यात गावाकडचे टाक. आणि यात्रेला कुंडलला आलो की पोरं ओरडायची, मद्रासी आलं रं! म्हणजे तिकडं आम्ही बॉम्बेवाले आणि इकडं मद्रासी. वडील म्हातारपणी कायमचे गावी आले आणि शेवटपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. त्यांना तिकडची कॉफी लागायची, तिकडचा पेपर लागायचा. ज्या गावासाठी माणूस जन्मभर झुरला, त्या गावात त्याला करमलं नाही.

माझं स्वतःचं जावळ दोनदा झालेलं आहे. तमिळ लोकांतही पोराचे केस मामाच्याच मांडीवर काढतात. वडिलांना दुकान बंद ठेवून गावी येणं जमेना, म्हणून त्यांनी तिकडच्याच डोंगरावरच्या देवळात मला नेलं आणि शेजारच्या तमिळ सोनाराच्या मांडीवर बसवलं. पुढं गावी आलो तेव्हा थोरले चुलते खवळले. परक्याच्या मांडीवरचं जावळ आम्ही धरत नाही म्हणाले, आणि जरा कुठं वाढलेले केस पुन्हा उतरवले, ह्या खेपेला सख्ख्या मामाच्या मांडीवर. घरात हा किस्सा हसून हसून सांगायचे. त्यात हसण्यासारखं मला एकच दिसतं. तो सोनार मरेपर्यंत मला भाचा म्हणत राहिला, रस्त्यात दिसलो की सायकलवरून उतरायचा, खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढायचा. सख्खा मामा मला यात्रेत भेटायचा आणि दरवेळी विचारायचा, कितवीला आहेस. मामा म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांपुढं तो सोनारच येतो. म्हणून तर मी घाबरलो होतो.

बहीण आयर्लंडला गेल्यावर मी त्या देशाचा इतिहास वाचायला घेतला. आमच्या शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा नाही. वाचत गेलो आणि बेचैनी वाढतच गेली. एकोणिसाव्या शतकात गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर, त्या बटाट्याला रोग पडला आणि सगळं पीक शेतातल्या शेतात सडलं. जमीनदार बहुतेक इंग्रजांच्या बाजूचे. माणसं उपाशी मरत होती तेव्हा धान्याची जहाजं इंग्लंडला चालली होती. मग माणसंही जहाजांत बसली. कितीतरी वाटेतच गेली, समुद्रात टाकली. जी अमेरिकेत पोचली त्यांच्यासाठी कामाच्या ठिकाणी पाट्या होत्या, आयरिश माणसांनी येऊ नये म्हणून. पेपरात त्यांची चित्रं माकडासारखी काढायचे. त्यांनी कालवे खणले, रेल्वे टाकली, बायकांनी परक्यांच्या घरची भांडी घासली. दोन पिढ्यांत त्यांचेच लोक तिथं पोलीस झाले, महापौर झाले. आणि मग त्यांच्या संताच्या दिवशी ती माणसं अशा मिरवणुका काढायला लागली, की मूळ देशानं तोंडात बोट घालावं. ज्यांनी तो देश डोळ्यांनी बघितला नाही ती नातवंडं सगळ्यांत कडवी आयरिश.

हे वाचून मला आमची गलाईवाली आठवली. कुठल्या कुठल्या शहरांत गावच्या देवाची देवळं बांधतात, गावात टोलेजंग बंगले बांधून कुलूप लावतात, आणि यात्रेला येऊन वरून ड्रोन फिरवतात. मी हे बहिणीला फोनवर सांगायला लागलो की ती म्हणायची, दादा, शाळा घेऊ नको, मला ड्युटीला जायचं हाय. एकदा मात्र तिनंच सांगितलं, बसमध्ये एका पोरानं तिला तोंडावर सुनावलं, तुमच्या देशात परत जा. ज्या देशानं शंभर-दीडशे वर्षं आपली माणसं बाहेर धाडली त्या देशात! माझा संताप झाला. त्या पोराच्या कुठल्यातरी पणजोबाच्या भावाला बोस्टनमध्ये हेच कुणीतरी ऐकवलं असेल. बहिणीचा आवाज शांत होता. ती म्हणाली, सगळी तशी नाहीत, शेजारचे म्हातारबा लय चांगले आहेत.

हे म्हातारबा मला फोनवर दिसायचे. देशाच्या पश्चिमेला, समुद्राजवळच्या एका लहान गावात बहीण राहते. तिच्या शेजारी हा ऐंशीच्या पुढचा एकटा माणूस. लग्न केलेलं नाही, थोड्या गाई राखतो. बहिणीची ड्युटी आणि दाजींची पाळी एकदम आली की भाचा ह्यांच्याकडं. भाच्याचे केस तोवर खांद्यापर्यंत आलेले, पाळणाघरात सगळ्यांना तो मुलगी वाटायचा. म्हातारबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या भागात पूर्वी मुलग्यांना झगे घालायचे म्हणे, पऱ्यांनी मुलगा समजून पळवून नेऊ नये म्हणून. पुढं तिसरं वर्ष सरत आलं. सुभेदारांनी वैशाखातला एक रविवार धरला, बकरं बघितलं, न्हाव्याला सांगितलं. भाऊबंदांना आवतण गेलं. मी साताऱ्यातून भाच्याला कपडे घेतले, बायकोला तीन-तीनदा विचारून माप ठरवलं.

आणि मधल्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. "दादा, आमी न्हाई येत."

मी आधी रजेचं विचारलं. ती म्हणाली, रजेचं नाही. मग नर्सिंगच्या कसल्याशा परीक्षेचं म्हणाली. शाळेच्या नळापाशी पोरांचा गोंगाट चाललेला, मी भिंतीकडं तोंड करून उभा. शेवटी तिनं सांगितलं, "हितं घर घेतलंय आमी." त्या घराच्या ताब्याची तारीख आणि जावळाची तारीख लागूनच होती. पण तारखेचा प्रश्न नव्हता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी म्हणालो, मग सुभेदारांनी स्लॅबवर सळ्या कशाला जपल्यात? ती रडायला लागली. मला वाटलं आता थांबावं, पण थांबतो तो मी कसला. बोलत सुटलो. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, जावळ इथंच करतो, म्हातारबांच्या मांडीवर बसवतो, तुझं नाही का झालं सोनाराच्या मांडीवर. मी फोन कापला.

पुढचा आठवडा मी तिचा फोन घेतला नाही. वर्गात विनाकारण खेकसायला लागलो. चालायला निघायचो तो किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जायचो आणि चढायचं सोडून माघारी यायचो. तिनं आवाजाचे मेसेज पाठवले, तेही ऐकले नाहीत. शेवटी उंब्रजला जायची पाळी आलीच, कारण सुभेदारांना तिनं काही कळवलं नव्हतं. ते काम दादाचं. गाडीत बसलो आणि धीर गोळा करायचा म्हणून तिचा मेसेज लावला.

ती म्हातारबांविषयी सांगत होती. त्यांची थोरली बहीण तरणी असताना अमेरिकेला गेली. त्यांच्याकडं पूर्वी अमेरिकेला निघालेल्या माणसाच्या घरी आदल्या दिवशी सगळा गाव जमायचा. कुणी मेलं की जसं जागतात, तसं जागायचे. खाणं व्हायचं, वाजवणं, नाचणं, आणि मधूनच आई हंबरडा फोडायची, कारण गेलेलं माणूस परत दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. म्हातारबांच्या बहिणीच्या वेळी ती रीत मागं पडत चालली होती, तरी शेजारी जमले, व्हायोलिनसारखं त्यांचं फिडल वाजलं. बहीण परत आली नाही. तिला तिकडं मुलगे झाले. ते यायचे यायचे म्हणत म्हातारे झाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकाची मुलगी आली, दाराचे आणि थडग्यांचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी गेली. मेसेजच्या शेवटी बहीण म्हणाली, "दादा, मी त्यांना जावळाचं सांगितलं, मामाच्या मांडीचं. ते म्हनले, मला सहा भाचे होते, एकपन मांडीवर बसला न्हाई."

उंब्रजच्या पुलाखाली उतरलो तेव्हा मला गलबलून आलं होतं. रागही होताच, तो काही कमी झाला नव्हता. पण मागं राहिलेल्या भावाचं जिणं काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि जगाच्या त्या टोकाला आणखी एक तसाच बसलेला होता. मी तिथंच, ट्रकच्या आवाजात, बहिणीला फोन लावला. "बसव त्यांच्या मांडीवर," म्हणालो. "पन फेटा बांध त्यांना." ती म्हणाली, फेटा कुठला आणू? मी म्हणालो, ओढणीचा बांध.

सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यापाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर स्लॅबकडं बघितलं. "पोस्टिंग परमनंट झालं म्हना की," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, तात्या, आवतणं परत घ्यायला मी तुमच्याबरोबर फिरतो. तर एकदम ताठ झाले. तारीख दिलेली आहे, म्हणाले, जेवण होणार, आणि मामाही पाटावर बसणार. मी म्हणालो, आवं तात्या, पण पोराशिवाय?

ह्याचं उत्तर त्या रविवारी भाऊबंदांतल्या म्हाताऱ्यांनी शोधलं. माणूस हजर नसला की पूजेला त्याच्या जागी सुपारी चालते, लग्नकार्यात चालते, मग जावळाला नारळ का चालू नये? मांडवात पाट मांडला. मला फेटा बांधला. मांडीवर मी भाच्याला घेतलेला नवा सदरा अंथरला आणि त्यावर शेंडीचा नारळ ठेवला. समोर टेबलावर टीव्ही, त्याला सुभेदारांच्या पुतण्यानं मोबाइल जोडलेला. आमच्याकडं दुपारचे बारा, तिकडं सकाळ, पोरगं झोपेतून उठवलेलं. पडद्यावर म्हातारबा खुर्चीवर बसलेले, डोक्याला बहिणीची गुलाबी ओढणी, दोन्ही हात भाच्याच्या पोटाभोवती. न्हावी मात्र गंभीर. त्यानं वाटीतलं पाणी बोटांनी नारळाच्या शेंडीला लावलं, मऊ केल्यासारखं चोळलं आणि वस्तरा काढला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही हसू फुटलं असतं.

तेवढ्यात तिकडं दाजींनी मशीन चालू केली. भाच्यानं टाहो फोडला, मान फिरवली आणि तोंड म्हातारबांच्या छातीत खुपसलं. मुठीत त्यांचा शर्ट धरला. मांडवातली एक बाई म्हणाली, मामाला घट्ट धरलंय बघा पोरानं. मी इकडं नारळ धरून बसलो होतो. त्याची शेंडी कधी उतरली मला कळलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. लय वाटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात गुंतलेले म्हणून त्याला ते पुसता येत नव्हतं. सगळं झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याकडं बघून माझ्यासाठी हात वर केला. मीही केला, तर नारळ मांडीवरून घरंगळला. मग तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं, पंगती बसल्या, रस्सा झकास झाला होता असं सगळे म्हणाले. सुभेदार शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले.

संध्याकाळी मी निघायच्या तयारीत असताना बहिणीचा फोन आला. तिनं केस एका स्टीलच्या डब्यात ठेवले होते. जावळाचे केस आपण नदीत सोडतो, वाटेल तिथं टाकत नाही. तिच्या दवाखान्यातली सांगलीची एक मुलगी पुढच्या महिन्यात गावी येणार होती, तिच्याबरोबर डबा धाडते म्हणाली, कृष्णेत सोडा. मी कृष्णेचं पाणी उन्हाळ्यात कुठवर उतरतं ते डोळ्यांपुढं आणलं. मग विचारलं, तुमच्या घराजवळ नदी आहे का? ती म्हणाली, आहे, पुढं समुद्राला मिळते.

"मग तिच्यातच सोड," मी म्हणालो.

"तात्या काय म्हनतील?"

"तात्यांचं मी बघतो."

ती म्हणाली, दादा, केसबी न्हाई आले, तर तिकडं त्याचं ऱ्हाईल काय? मी म्हणालो, मामा आहे की. तेवढ्यात भाच्यानं तिच्या हातातून फोन ओढला. कोण आहे म्हणून त्यानं इंग्रजीत विचारलं, आणि ती त्याला म्हणाली, मामा. मग त्यानं फोनजवळ तोंड आणून विचारलं, "कुठला मामा?"

"गावाकडचा," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नसावं म्हणून, मांडव उतरवणारी माणसं वळून बघायला लागली तरी, पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "गावाकडचा मामा."